फ्लोटिंग डिस्कची झीज ओळखताना: आधी सांधा, मग जाडी

स्पोर्ट्स कारच्या ब्रेकची फ्लोटिंग डिस्क बदलायची की अजून चालेल, हे बहुतेक जण एकाच आकड्यावर ठरवतात: जाडी किती मिलिमीटर उरली. तो आकडा लागतोच, पण या डिस्कला तो पुरत नाही. ही डिस्क दोन तुकड्यांची असते आणि तिचं खरं आयुष्य त्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर ठरतं. सांधा जाम झाला की भरपूर जाडी शिल्लक असतानाही लोखंडाला तडे जातात. सांधा ढिला झाला की वरून डिस्क छान दिसते आणि आत ॲल्युमिनियम ठेचलं जात असतं. म्हणून तपासणी सांध्यापासून सुरू करायची. मायक्रोमीटर त्यानंतर हातात घ्यायचा.

कडं, टोपी आणि बॉबिन

पॅड ज्याच्यावर घासतात ते बाहेरचं ओतीव लोखंडाचं कडं. मधे हबवर, म्हणजे चाक ज्याला जोडलं जातं त्या भागावर, बसते ती ॲल्युमिनियमची टोपी. गॅरेजात तिला हॅट किंवा बेल म्हणतात. दोघांना जोडतात ते बॉबिन, म्हणजे कॉलर असलेले छोटे दंडगोल. गाडीच्या आकारानुसार ते साधारण ८ ते १२ असतात आणि प्रत्येकातून एक बोल्ट आरपार जातो. बॉबिन ज्या खाचेत बसतो ती खाच केंद्राकडून बाहेरच्या दिशेने लांबट असते. त्यामुळे कडं तापून फुगलं तर त्याला सरकायला जागा मिळते, पण फिरण्याच्या दिशेने मात्र खाचेच्या दोन्ही भिंती बॉबिनला धरून ठेवतात. ब्रेक मारल्यावर गाडी थांबवणारा सगळा जोर याच भिंतींतून टोपीकडे आणि तिथून चाकाकडे जातो. हे चित्र डोक्यात पक्कं असलं की पुढची बरीच झीज आपोआप समजते.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती लालबुंद तापवतो. फुगलेली धाव लाकडी चाकावर अलगद बसते आणि पाणी पडताच चाकाला आवळते. तिथे ते आवळणं हवं असतं. ब्रेकच्या डिस्कमध्ये नेमकं तेच घातक ठरतं. अखंड ओतलेल्या साध्या डिस्कमध्ये बाहेरचा भाग लाल व्हायच्या बेतात असतो आणि मधली टोपी त्या मानाने थंड राहते. कड्याला फुगायचं असतं, टोपी त्याला आतून धरून ठेवते, आणि तेही एकाच बाजूने. परिणामी कडं बशीसारखं एका अंगाला कलतं. पॅड मग पूर्ण पृष्ठभागावर न टेकता कडेला टेकतात.

आकडे घालून पाहू. ओतीव लोखंड दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे ११ मायक्रॉन वाढतं. ३८० मिमी व्यासाचं कडं ५०० अंशांनी तापलं तर त्याचा व्यास साधारण २ मिमीने वाढतो. बॉबिन समजा २२० मिमीच्या वर्तुळावर असतील, तर तिथे प्रत्येक बॉबिनपाशी कडं ०.६ मिमी बाहेर सरकतं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट वेगाने फुगतं, पण टोपीपर्यंत उष्णता उशिरा पोचते. ती १०० अंशांनी तापली तर तिचा वाटा जेमतेम ०.२५ मिमी. उरलेला फरक कुठेतरी सामावला पाहिजे. खाच मोकळी असेल तर तो खाचेत सामावतो. नसेल तर लोखंडावर ताण येतो.

वजनाचाही फायदा आहे. लोखंडाची घनता घन सेंटिमीटरला ७.२ ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची २.७, त्यामुळे टोपीपुरतं वजन बरंच उतरतं. शिवाय हे वजन सस्पेन्शनच्या खालचं आणि फिरणारं असतं, म्हणून ते कमी झालेलं स्टिअरिंगला जाणवतं. तरी स्पोर्ट्स कारसाठी मुख्य कारण उष्णताच.

तुमच्या गाडीत कोणत्या जातीची डिस्क आहे ते आधी पाहून घ्या, कारण देखभाल त्यावर ठरते. रेसिंगच्या पूर्ण फ्लोटिंग डिस्कमध्ये बॉबिन मोकळा असतो. हाताने हलवली की डिस्क खुळखुळते आणि ते योग्यच असतं. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी बाजारात सुट्या मिळणाऱ्या बहुतेक डिस्कमध्ये बॉबिनखाली लाटेसारखी स्प्रिंग वॉशर असते. ती खुळखुळ थांबवते, पण फुगण्याला आड येत नाही. तिसरी जात कारखान्यातून येणाऱ्या जोड-डिस्कची. उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या ई९२ एम३ला पुढे ३६० मिमीची अशी डिस्क आहे: टोपी आणि कडं स्टेनलेसच्या पिनांनी कायमचं जोडलेलं. ती उघडत नाही. कडं संपलं की पूर्ण डिस्क बदलायची. निसान जीटी-आर (आर३५)च्या सुरुवातीच्या गाड्यांना ३८० मिमी आणि पोर्शे ९९२ जीटी३ला पुढे ४०८ मिमी डिस्क मिळते. व्यास एवढे मोठे का, याचं उत्तर उष्णतेत आहे.

१६०० किलोची गाडी ताशी २५० किमीवरून ८० वर आणायची, तर सुमारे ३.५ मेगाज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. पुढच्या दोन चाकांवर साधारण दोन तृतीयांश भार धरला तर एका पुढच्या डिस्कच्या वाट्याला जवळपास १.१५ मेगाज्यूल. कड्याचं वजन ९ किलो असेल तर एका ब्रेकिंगमध्ये त्याचं सरासरी तापमान अडीचशे ते पावणेतीनशे अंशांनी चढतं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या शर्यतीच्या ट्रॅकवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणांमधली लांब सरळ संपताना हे दर लॅपला घडतं, आणि पुढच्या वळणापर्यंत थंड व्हायला काही सेकंदच मिळतात.

चाक न काढता काय कळतं

काच खाली करून, भिंतीच्या कडेने, खडबडीत रस्त्यावर ताशी १५-२० किमीने चालवा. पुढून बारीक खुळखुळ येत असेल तर पेडलवर पाय नुसता टेकवा, गाडी थांबेल इतका नको. खुळखुळ थांबली तर आवाज कॅलिपरमधल्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या) पॅडचा किंवा डिस्कच्या बॉबिनचा आहे. स्प्रिंग वॉशर असलेली डिस्क नव्याने खुळखुळायला लागली असेल तर स्प्रिंगची ताकद गेली असं धरा. लाल होईपर्यंत तापलेली स्प्रिंग पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

दुसरा आवाज एकच ‘टक’. गाडी पुढे घेऊन ब्रेक, मग रिव्हर्स घेऊन ब्रेक, असं दोन-तीनदा करा. दिशा बदलल्यावर पहिल्याच ब्रेकला एक टक येत असेल तर काहीतरी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाऊन आदळतं आहे. पॅड कॅलिपरच्या आत सरकत असतील किंवा बॉबिन खाचेत. कोण, ते चाक काढल्यावरच कळतं.

पेडल थरथरतं म्हणून ‘डिस्क वाकली’ असा निकाल देऊ नका. थरथर बहुतेकदा पॅडचा थर डिस्कवर कमीजास्त चिकटल्याने येते. गरम डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवली की पॅडच्या आकाराचा डाग उमटतो. पुढे तो भाग जास्त घासतो, जास्त तापतो, आणि ७०० अंशांच्या आसपास गेला तर तिथलं लोखंड कडक होऊन बसतं. असे निळसर-काळे डाग पॉलिश पेपरने जात नाहीत, कारण बदल वरच्या थरात नसून धातूत झालेला असतो.

चाक काढल्यावर

डिस्क पूर्ण थंड असू द्या. गाडी सपाट जागेवर, बाकीच्या चाकांना अडणी, जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. ब्रेकची धूळ हवेच्या नळीने उडवू नका. मास्क लावा आणि ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. कॅलिपर काढला की तो तारेने सस्पेन्शनला टांगा, होजवर (ब्रेकच्या तेलाच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका.

पॅड आधी टेबलावर मांडा. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकाची जाडी चार कोपऱ्यांत मोजा. कड्याच्या बाहेरच्या परिघाकडची बाजू आणि केंद्राकडची बाजू यांत फरक असेल, आणि दोन पॅडांवर तो फरक एकमेकांच्या उलट असेल, म्हणजे एक पॅड परिघाकडे झिजलेला आणि दुसरा केंद्राकडे, तर कडं तापल्यावर बशीसारखं होतं आहे. फ्लोटिंग डिस्कमध्ये याचा सरळ अर्थ सांधा जाम. दोन्ही पॅडांवर झीज सारखीच तिरकी असेल तर दोष कॅलिपरच्या फाकण्यात शोधा. आणि पॅडचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलं असेल, म्हणजे लांबीच्या दिशेने उतार असेल, तर डिस्कचा त्यात काही दोष नाही. पॅड पाहायला पाच मिनिटं लागतात आणि महागड्या डिस्कविषयी इतकं नेमकं दुसरं काहीच सांगत नाही, म्हणून हे कधीही चुकवू नका.

आता सांधा. टोपी हबवर घट्ट बसलेली हवी, म्हणून दोन-तीन चाकबोल्ट योग्य जाडीचे स्पेसर घालून आवळा. एकाने हब आडव्या दांड्याने धरून ठेवायचा. दुसऱ्याने कडं दोन्ही हातांनी धरून फिरण्याच्या दिशेने पुढे-मागे करायचं. नव्या संचात हा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, हाताला जेमतेम लागतो. तो डोळ्याला दिसत असेल किंवा टक असा आवाज येत असेल तर बॉबिन किंवा खाच झिजली आहे. नेमकं मोजायचं तर डायल गेज क्लॅम्पने टोपीवर बसवा आणि त्याचं टोक कड्याच्या एखाद्या कानाला (बॉबिन धरणाऱ्या, आतल्या कडेच्या उंचवट्याला) फिरण्याच्या दिशेने टेकवा. डिस्क नवी बसवतानाच हा आकडा घेऊन वहीत लिहून ठेवणं सर्वांत उत्तम; पुढे प्रत्येक तपासणीत तुलना करायला तोच कामी येतो. उत्पादकाची मर्यादा हाताशी असेल तर अर्थात तीच अंतिम.

मग कडं आत-बाहेर, हबच्या आसाच्या दिशेने ढकलून पाहा. पूर्ण फ्लोटिंगमध्ये इथे मिलिमीटरच्या दशांशांत मोजावी इतकी हालचाल असायला हवी. स्प्रिंगच्या डिस्कमध्ये ती जोर लावल्यावरच मिळते. या हालचालीमुळेच वळणात हब किंचित वाकला तरी कडं पॅडच्या मधोमध राहतं, पिस्टन मागे ढकलले जात नाहीत आणि पुढच्या ब्रेकला पेडल खोल जात नाही. सांधा जाम झालेल्या गाडीत किंवा चाकाची बेअरिंग सैल झालेल्या गाडीत वेगवान वळणानंतर पेडल अचानक लांब लागतं, त्याचं कारण हेच.

प्रत्येक बॉबिन सुटा पाहा. मोकळ्या जातीचा बॉबिन बोटांनी फिरला पाहिजे. बारापैकी दोन जाम असले तरी काम बिघडतं, कारण त्या दोन ठिकाणी कडं अडतं आणि फुगताना लंबगोल होतं. स्प्रिंगचा बॉबिन बोटाने फिरत नाही, तिथे डोळ्याने ठरवा: खाचेच्या कडेला घासून चकाकणारी छोटी पट्टी दिसत असेल तर सांधा हलतो आहे. तिथे तपकिरी गंज आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी एकत्र घट्ट बसली असेल तर हालचाल कधीच थांबली आहे.

जाम बॉबिन सोडवायला ब्रेक क्लीनर, नायलॉनचा किंवा पितळी तारेचा ब्रश आणि सबुरी लागते. स्टीलच्या तारेचा ब्रश टोपीवर मारू नका. हार्ड ॲनोडाइझचा कडक संरक्षक थर गेला की खालचं मऊ ॲल्युमिनियम फार लवकर खातं. ग्रीस, तेल, गंज सोडवायचा फवारा यांतलं काहीही इथे लावायचं नाही. ते जळतं, धूळ धरून आणखी घट्ट होतं आणि कड्यावर पसरलं तर पॅड वाया जातात. मोटरसायकलच्या डिस्कमध्ये पोकळ बटणातून बोल्ट घालून ते ड्रिलने फिरवायची युक्ती चालते. कारच्या बोल्ट असलेल्या बॉबिनला ती लावता येत नाही, तिथे सांधा उघडून साफ करणंच योग्य.

जाडी, डगमग आणि तडे

किमान जाडी टोपीवर किंवा कड्याच्या कडेवर ‘मिन टीएच’ अशा खुणेपुढे कोरलेली असते. बहुतेक डिस्कमध्ये ती नव्या जाडीपेक्षा दीड ते दोन मिमीने कमी असते. मोजायला २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर घ्या. व्हर्नियर चालत नाही, कारण कडेला न झिजलेला ओठ राहतो आणि व्हर्नियरचे जबडे त्या ओठावर बसून खोटी जाडी दाखवतात. कडेपासून १०-१५ मिमी आत, परिघावर सारख्या अंतराने ८ जागी माप घ्या. पृष्ठभागावरची भोकं आणि खाचा टाळा. आठांतला सर्वांत लहान आकडा तुमची जाडी. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांतला फरक ०.०१५ ते ०.०२ मिमीपुढे गेला की थरथर पायाला जाणवायला लागते. केसाच्या जाडीचा हा लहानसा हिस्सा आहे, म्हणून मापाआधी मायक्रोमीटर आणि डिस्क दोन्ही पुसून घ्या.

ट्रॅकवर जाणाऱ्यांनी किमान आकड्यापर्यंत थांबू नये. ३२ मिमीच्या हवेशीर डिस्कमध्ये मधली पोकळी सोडली तर प्रत्यक्ष लोखंड निम्म्याहून थोडंच जास्त असतं. त्यामुळे २ मिमी जाडी गेली म्हणजे वरवर सहा टक्के वाटते, पण उष्णता साठवणारं लोखंड दहा टक्क्यांहून जास्त कमी झालेलं असतं. तीच गाडी, तोच चालक, तरी डिस्क प्रत्येक लॅपला जास्त तापते आणि जास्त वेगाने झिजते. शेवटचा अर्धा मिलिमीटर उरला असेल तर ती डिस्क रस्त्यावर वापरून संपवा.

डगमग, म्हणजे फिरताना कडं किती आत-बाहेर हलतं ते, मोजताना आधी हब तपासा. हबच्या १५० मिमीच्या तोंडावर एका कडेला ०.०५ मिमीचा गंजाचा कण अडकला तर ३७० मिमीच्या परिघावर त्याचे ०.१२ मिमी होतात. डिस्क नवी असून थरथरते अशा कितीतरी तक्रारी हब साफ केल्यावर मिटतात. हबचं आणि टोपीच्या आतलं तोंड नायलॉनच्या चकतीने स्वच्छ करा, टोपी आवळा, गेजचं टोक कडेपासून १० मिमी आत ठेवून हळू फिरवा. फ्लोटिंग कडं फिरताना आत-बाहेर सरकून गेज फसवतं, म्हणून ते एका हाताने सतत एकाच बाजूला हलकं दाबून धरा. ०.०५ मिमीच्या आत असेल तर उत्तम. जास्त आलं तर टोपी एका बोल्टाने पुढे फिरवून पुन्हा मोजा. हबची आणि डिस्कची चूक कधी कधी एकमेकींना खाऊन टाकते.

अशी डिस्क लेथवर फेसिंग मारायला, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करायला, देऊ नका. सैल कडं लेथच्या हत्याराखाली नाचतं आणि डिस्क होती त्याहून वाकडी होऊन येते.

आता तडे. पृष्ठभागावर जळमटासारखं बारीक जाळं दिसणं ट्रॅकवरच्या डिस्कमध्ये नेहमीचं आहे. वरचा थर क्षणात तापतो, खालचं लोखंड थंड असतं. वरचा थर दबला जातो आणि थंड होताना ताणला जातो. दर ब्रेकला हेच, म्हणून जाळं पडतं. बोटाचं नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर लक्ष ठेवून चालवा. नख अडकायला लागलं तर ती डिस्क ट्रॅकवरून बाद. तडा आतल्या किंवा बाहेरच्या कडेपर्यंत पोचला असेल, किंवा एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत गेला असेल, तर डिस्क तिथल्या तिथे काढायची, घरी जातानाही वापरायची नाही. भोकांच्या डिस्कमध्ये तडे भोकाच्या काठापासूनच सुरू होतात, म्हणून नियमित ट्रॅकवर जाणारे खाचांचं कडं पसंत करतात आणि ते रास्त आहे. कड्याची आतली कडही विसरू नका: बॉबिनचे कान जिथे कड्याला मिळतात त्या कोपऱ्यात टॉर्च तिरका धरून पाहा. सांधा जाम असेल तर पहिला तडा तिथे दिसतो.

कार्बन-सिरॅमिक डिस्क जवळपास सगळ्या अशाच जोडीच्या असतात, पण त्यांची झीज मायक्रोमीटरने ठरत नाही. त्या आतून जळून हलक्या होतात, म्हणून टोपीवर किमान वजन कोरलेलं असतं आणि डिस्क काढून तराजूवर ठेवावी लागते.

कडं बदलताना

नवं कडं येण्याआधी टोपीचा निकाल लावा. सगळे बोल्ट काढा, टोपी धुवा, प्रत्येक खाचेची रुंदी व्हर्नियरने मोजा आणि नव्या बॉबिनच्या व्यासाशी ताडा. पुढे जाताना ब्रेक मारल्यावर ज्या भिंतीवर जोर येतो तिथे पायरी पडलेली, धातू बाहेर दबून ओठ आलेला दिसत असेल तर टोपी बदला. ओठ कानशीने उडवून खाच गुळगुळीत केली तर खाच आणखी रुंद होते आणि नवे बॉबिन पहिल्या दिवसापासून आपटायला लागतात. खाचा चांगल्या असतील तर एक टोपी अनेक कडी सहज पुरते.

बॉबिन, वॉशर, बोल्ट आणि नट मात्र प्रत्येक कड्याबरोबर नवे. या नटांचं वरचं तोंड मुद्दाम किंचित लंबगोल दाबलेलं असतं. त्या दाबानेच ते धरून राहतात. एकदा काढलेल्या नटात ती पकड राहत नाही. जुना नट लॉकटाइट (आटे चिकटवणारा द्रव) लावून वापरायचा मोह टाळा, इथल्या उष्णतेत ते टिकत नाही.

मग दिशा. हवेशीर कड्याच्या आतली पाती वक्र असतील तर डावं आणि उजवं कडं वेगळं असतं. डिस्क गाडीवर जशी बसेल तशी धरून वरचा भाग पाहा: पाती केंद्राकडून बाहेर जाताना गाडीच्या मागच्या अंगाला झुकलेली हवीत. तशी असली की ती मधून हवा खेचून बाहेर फेकतात. वरच्या खाचांच्या दिशेवरून हे ठरवू नका. ही चूक अनुभवी मिस्त्रीकडूनही होते, आणि उलटी बसलेली डिस्क विनाकारण तापत राहते.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे असे ताऱ्याच्या क्रमाने दोन फेऱ्यांत आवळा. एम६ बोल्टला साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर लागतात, पण संचाबरोबर आलेल्या कागदावरचा आकडाच पाळा. एवढा कमी टॉर्क मोठ्या पान्यावर नीट कळत नाही, लहान टॉर्क पाना घ्या. आवळून झाल्यावर प्रत्येक नट ते टोपी अशी रंगाची एक सरळ रेघ मारा. पहिल्या गरम फेरीनंतर चाक काढून रेघा जुळतात का पाहा. एकही सरकली असेल तर तो बोल्ट नटासकट बदला. शेवटी कडं हाताने हलवून पाहा, सगळीकडे सारखं हललं पाहिजे.

नव्या कड्यावर जुने पॅड लावू नका, निदान त्याच मिश्रणाचे आणि सपाट झिजलेले तरी हवेत. बसवणीसाठी, म्हणजे पॅड आणि कडं एकमेकांना रुळवायला, मोकळी आणि सुरक्षित जागा लागते, ट्रॅक असेल तर उत्तम: ताशी १०० वरून २० पर्यंत ८ ते १० वेळा मध्यम-कडक ब्रेक, गाडी पूर्ण थांबवायची नाही. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न वापरता चालवा आणि पुन्हा एक आवर्तन. कड्यावर सारखा निळसर-करडा थर दिसला की बसवणी झाली.

उष्णता किती चढते हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. कड्याच्या बाहेरच्या कडेवर तापमानदर्शक रंगाचे तीन ठिपके लावा: हिरवा ४३०, केशरी ५६० आणि लाल ६१० अंशांना रंग बदलतो. लालही बदलला असेल तर हवा कमी पडते आहे. ब्रेकला नळीने हवा आणा किंवा सलग लॅप कमी करा. प्रत्येक सत्राचा शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न लावता घ्या, पिटमध्ये हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये किंवा अडणी लावून गाडी उभी करा. पॅड निम्मे उरले की ट्रॅकसाठी बदला, कारण पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टनकडे आणि तेलाकडे जाते.

पावसाळा आणि किनारा

मुंबई, रत्नागिरी, गोवा इथल्या दमट खारट हवेत ॲल्युमिनियम, लोखंड आणि स्टेनलेस एकमेकांना चिकटून ओले राहिले की सांधा विजेच्या घटासारखा वागतो आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वर सांगितलेली पांढरी भुकटी म्हणजे तेच. जून ते सप्टेंबर झाकून ठेवलेल्या गाडीत हे सर्वांत जास्त होतं. कड्यावरचा तांबूस गंज दोन ब्रेकमध्ये निघतो, सांध्यातला निघत नाही. गाडी धुतल्यावर ओल्या डिस्कसकट उभी करू नका. पाच-सात किलोमीटर फिरवून, ब्रेक हलके वापरून सांधा कोरडा करा. पावसाळ्यात निदान दर आठवड्याला एकदा असं करा.

ब्रेकचं तेलही दमट हवेत पाणी ओढतं. डॉट ४ या दर्जाच्या तेलाच्या उत्कलनबिंदूची किमान अपेक्षा नव्या तेलाला २३० अंश आणि पाणी शिरल्यावर १५५ अंश एवढीच आहे, डॉट ५.१ला २६० आणि १८०. घाटात उतरताना किंवा ट्रॅकवर पेडल स्पंजासारखं झालं तर आधी तेल बदला. आणि पावसाळा संपल्यावर पहिल्या ट्रॅकच्या दिवसाआधी चारही चाकं काढून प्रत्येक बॉबिन हाताने तपासा, आकडे मागच्या नोंदींशेजारी लिहा, प्ले वाढलेल्या डिस्कचे भाग तेव्हाच मागवा. बॉबिनचे संच अनेकदा बाहेरून यायला कित्येक आठवडे घेतात.